“भाऊ, दोन नंबर मोठीच द्या”

एप्रिलमध्ये जळगावातल्या शाळांच्या परीक्षा संपत येतात आणि उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. पारा तोवर 42-43 अंशांवर गेलेला असतो, त्यामुळे क्रिकेट असो, स्केटिंग असो की बॅडमिंटन, सगळे सकाळी लवकर उरकायचे. मेहरूण तलावाच्या काठाने फिरायला येणाऱ्यांमध्ये या दिवसांत मुलांची भर पडते. खेळसाहित्याच्या दुकानांत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. दहा वर्षांच्या मुलाला दुकानदार काउंटरसमोर उभे करतो, उंचीचा अंदाज घेतो आणि तीन नंबरची बॅट काढून देतो. मुलगा ती हातात घेऊन एक-दोनदा फिरवतो, त्याला जमते. वडील मात्र ती परत सरकवतात. “भाऊ, दोन नंबर मोठीच द्या. दोन-तीन वर्षं तरी चालली पाहिजे.”

हे वाक्य खान्देशातल्या कुठल्याही दुकानात रोज ऐकू येते. त्यामागे कंजूषपणा नाही, वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा, पँटची पट्टी आत दुमडून ठेवायची आणि दरवर्षी थोडी सोडायची, हे प्रत्येक घराने केलेले आहे. कपड्यात ते चालते. ढगळ सदरा घातला म्हणून मुलाचे काही बिघडत नाही. बॅट, स्केट्स आणि सायकलीचे तसे नाही, आणि हा फरक पालकांना कोणी नीट समजावून सांगत नाही.

मुलांच्या बॅटी शून्यापासून सहा नंबरपर्यंत असतात, त्यापुढे हॅरो आणि मग मोठ्यांची शॉर्ट हँडल. दर नंबरामागे लांबी साधारण एक इंचाने वाढते, वजनही वाढत जाते. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पाच नंबर दिली की त्याचा वरचा हात ती पेलू शकत नाही. मग सगळा भार खालच्या हातावर येतो, बॅट सरळ खाली येण्याऐवजी आडवी फिरते, चेंडू टप्पा घेऊन आला तरी बॅट वरच असते. प्रशिक्षक ओरडत राहतो, “सरळ बॅटने खेळ!” मूल मान हलवते आणि पुन्हा आडवी फिरवते, कारण त्या वजनाची बॅट त्याला दुसरी कशी फिरवताच येत नाही. दोन वर्षांनी बॅट मापाची होते, तोवर हाताला चुकीची सवय लागलेली असते. स्केट्समध्ये तर इजेचाच प्रश्न आहे. सैल बुटात पुढे कापूस कोंबून किंवा मोज्यांचे दोन जोड चढवून मूल उभे राहते, पण घोट्याला आधार मिळत नाही आणि पाऊल आतल्या बाजूला कलते. लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट्स तीन-चार मापे सांभाळून घेतात हे खरे, पण त्यात फक्त लांबी बदलते. घोट्याभोवतीची पकड तीच राहते.

मुले किती झपाट्याने वाढतात याचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात आहेत. सहा वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे 116 सेंटिमीटर, बारा वर्षांच्या मुलाची सुमारे 149. सहा वर्षांत 33 सेंटिमीटर. एवढ्या काळात बॅटचे चार-पाच नंबर बदलतात, सायकल 16 इंचीवरून 20 आणि 24 इंचीवर जाते, आणि पाऊल वर्षाला जवळपास एक सेंटिमीटरने वाढत असल्यामुळे बूट दर हंगामाला अपुरा पडतो. हे सगळे विकत घ्यायचे म्हटले तर मध्यमवर्गीय घरालाही झेपत नाही. म्हणून मोठे माप घेतले जाते. तेव्हा पालकांपुढचा प्रश्न नवे घ्यावे की भाड्याने आणावे एवढाच नाही. चुकीच्या मापाने खेळ शिकवायचा की बरोबर मापाने, हा खरा प्रश्न आहे, आणि बरोबर माप दरवर्षी देण्याचा परवडणारा मार्ग एकच दिसतो: वाढीच्या वयात साहित्य मुलाच्या मालकीचे नसावे.

बर्फाच्या देशांनी हे फार पूर्वी ओळखले. स्कीइंग हा मापाच्या बाबतीत सर्वांत काटेकोर खेळ. नवशिक्या मुलाची स्की साधारण छाती ते हनुवटीपर्यंत यावी लागते. बुटाचे माप थेट पावलाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या पकडीचा ताण तर मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून ठरवतात. पडल्यावर ती पकड सुटली पाहिजे, नाहीतर पाय पिरगळतो, आणि एरवी मात्र सुटता कामा नये. गेल्या वर्षीचे वजन धरून ठेवलेला ताण यंदा उपयोगाचा नसतो. त्यामुळे अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंडसारख्या देशांत मुलांसाठी हंगामी भाड्याची पद्धत रुळली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मूल दुकानात न्यायचे, मापे घ्यायची, पूर्ण संच हंगामभर घरी आणायचा आणि बर्फ वितळला की परत करायचा. अनेक दुकाने मधेच पाय वाढला तर बूट बदलून देतात. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही एक-दोन हिवाळ्यांत हे शिकून घेतात.

आपल्याकडेही बर्फावर कोणी विकत घेत नाही. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था 1968 पासून आहे. तिच्या प्रशिक्षण वर्गात स्की, बूट, काठ्या संस्थेकडूनच मिळतात. उत्तराखंडात औलीलाही तसेच. मनालीजवळ सोलंगच्या रस्त्यावर तर जाड कोट नि बूटसुद्धा दिवसाच्या भाड्याने घेऊन पर्यटक वर जातात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तेच कुटुंब मनालीहून जळगावला परतते आणि मुलाच्या स्केटिंगसाठी दोन मापे मोठा जोड विकत आणते.

भाड्याची सवय खान्देशाला नवी म्हणावी तर तसेही नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या गावोगावी सायकलच्या दुकानात तासाच्या भाड्याने सायकली मिळत, आणि त्यांत मुलांसाठी लहान सायकली वेगळ्या ठेवलेल्या असत. वहीत नाव आणि वेळ लिहायची, ओळखीचा माणूस असला की झाले. लहान सायकल मिळाली नाही तर मोठीच्या नळीखालून पाय घालून कैची मारत शिकायचे, आणि गुडघे फोडून घ्यायचे. ज्यांना मापाची सायकल मिळाली ते लवकर शिकले. ती दुकाने हळूहळू संपली, कारण सायकल हप्त्यावर मिळू लागली आणि नंतर दुचाकी घरोघरी आली.

एकत्र कुटुंबही मापांची अशीच सोय करत असे. थोरल्याची सायकल धाकट्याला, आतेभावाची बॅट मामेभावाला, आणि ती त्याला लहान झाली की शेजारच्या वाड्यात. वस्तू पाच-सहा हातांतून जाई आणि प्रत्येकाला कधी ना कधी मापाची पडे. आता घरात एक किंवा दोन मुले, भावंडे पुण्यात नाहीतर नाशकात. साखळी तुटली. म्हणून एका मुलाचा सगळा खेळ एका बापाच्या खिशावर आला आहे, आणि शिबिर संपल्यावर मुलाचे मन उडाले तर ते सगळे माळ्यावर जाते. मुलाने खेळ बदलणे हा काही गुन्हा नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने तीन खेळ करून बघायलाच हवेत. पण घरात पाच हजारांची बॅग पडून असली की “एवढे पैसे घातले आणि आता नको म्हणतोस?” हे वाक्य येते, आणि मूल पुढचा खेळ मागायला कचरते.

हिशेब करून बघू. समजा बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज आणि बॅग असा लहान मुलाचा साधा संच पाच हजारांना पडतो. सहा वर्षांत दर दोन वर्षांनी घेतला तरी पंधरा हजार, आणि त्यातला निम्मा काळ माप चुकीचेच. दुकानदाराने तोच संच हंगामाला दीड हजाराने दिला, तर चार हंगामांत त्याचे सहा हजार वसूल होतात. पालकांचे सहा वर्षांत नऊ हजार जातात आणि दरवर्षी माप बरोबर. यात दुकानदाराची दुरुस्ती, देखभाल आणि मोडतोड धरली तर भाडे थोडे वाढेल. तरीही दोघांच्या पदरात काही पडते. ब्रिटनमध्ये ‘बाइक क्लब’ ही कंपनी मुलांच्या सायकली मासिक भाड्याने देते आणि मूल वाढले की मोठी सायकल पाठवते, ती याच गणितावर.

सगळेच भाड्याने घ्यावे असे मात्र नाही. हेल्मेट हे त्यातले सर्वांत नाजूक. सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटमधला फोम एकदा जोराचा मार बसला की दबतो, आणि बाहेरून तडा दिसला नाही तरी पुढच्या वेळी डोके वाचवत नाही. ते कोणाच्या डोक्यावरून कसे गेले हे माहीत नसेल तर वापरू नये. ते विकतच घ्यावे, मापाचे घ्यावे आणि पडल्यावर बदलावे. ॲबडॉमिनल गार्ड, मोजे, रोजच्या धावण्याचे बूट हेही ज्याचे त्याचे. पालक नेमके उलट करतात. बॅटवर खर्च करतात आणि हेल्मेट चुलतभावाचे चालवून घेतात.

विकत घेण्याची एक योग्य वेळही असते, आणि ती सरकारी योजनेत आपोआप साधली गेली आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना आठवीपासून सायकल मिळते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलीची बहुतेक उंची वाढून झालेली असते, त्यामुळे ती सायकल बारावीपर्यंत मापाची राहते. मुलग्यांची वाढ आणखी दोन-तीन वर्षे चालते. तोपर्यंत खेळ कोणता हेही ठरलेले असते. त्या वयात वडिलांनी मुलाला किंवा मुलीला दुकानात नेऊन त्याच्या किंवा तिच्या पसंतीची, स्वतःची बॅट घेऊन द्यावी. नवी बॅट उशाशी घेऊन झोपण्याचा आनंद खरा आहे आणि तो कुणाकडूनही काढून घेऊ नये. तो मापाच्या वस्तूबरोबर मिळावा एवढेच.

खरी अडचण त्या घरांची आहे ज्यांना हंगामाचे दीड हजारही जड आहेत. मेहरूणच्या आसपास औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जाणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांसाठी शाळाच हवी. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद आहे. ही रक्कम मोठी नाही. पण त्यातून आणलेले साहित्य कपाटात कुलूपबंद राहते, तपासणीच्या दिवशी मांडले जाते आणि पुन्हा आत जाते, ही तक्रार पालकांनाच नाही, शिक्षकांनाही आहे. वस्तू हरवली तर जबाबदारी शिक्षकावर येते, मग तो देणार कसा? हे भय घालवायचे तर नियमातच ठरावीक मोडतोड मान्य करायला हवी. खेळाच्या साहित्याचा उपयोग झाल्याचे लक्षण ते झिजणे हेच असते, आणि लेखापरीक्षणाने ते झिजणे नुकसान म्हणून धरू नये.

स्वीडनने याहून पुढचे पाऊल टाकले. 2013 मध्ये वर्मलांड प्रांतातल्या डेये या छोट्या गावात ‘फ्रिटिड्सबांकेन’ नावाचे केंद्र सुरू झाले. लोकांनी वापरात नसलेले साहित्य आणून द्यायचे आणि कुणीही ते चौदा दिवस मोफत न्यायचे. स्की, स्केट्स, हेल्मेट, रॅकेट, सगळे. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, अनामत घेत नाहीत. आज त्या देशात अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. श्रीमंत-गरीब एकाच दारातून येतात, त्यामुळे नेणाऱ्याला दान घेतल्यासारखे वाटत नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ‘गरिबांसाठी मोफत’ असा फलक लावला की आपल्याकडचा स्वाभिमानी बाप तिकडे फिरकणार नाही.

जळगावला हे करायला परदेशी नमुना लागतोच असे नाही. व. वा. वाचनालय एकोणिसाव्या शतकापासून पुस्तके घरी देते आहे. अनामत, वर्गणी, नोंदवही, उशीर झाला तर दंड ही सगळी पद्धत शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. जिल्हा क्रीडा संकुलात एक खोली, चार कपाटे आणि मापांचा तक्ता असला तर बॅट, पॅड, स्केट्स आणि रॅकेटचा तसाच व्यवहार सुरू करता येईल. माळ्यावर पडलेल्या बॅगा तिथे आणून द्यायला शहरात शेकडो घरे तयार होतील. महापालिकेने मेहरूण तलावावर या खोलीची शाखा ठेवली तर सकाळी फिरायला येणारे आजोबाच नातवाचे जुने स्केट्स घेऊन येतील.

मुलींच्या बाबतीत तर अशा खोलीचा फायदा सर्वांत मोठा. घरात पैसे मोजून घ्यायची वेळ आली की भावाला बॅट येते आणि बहिणीला “तू काय करणार घेऊन?” असे विचारले जाते. कपाटात तिच्या मापाची बॅट असेल आणि ती न्यायला वर्गणीच्या कार्डापलीकडे काही लागत नसेल, तर तो प्रश्न विचारायची वेळच घरात येत नाही. स्पर्धांसाठी मुलींचे संघ जमवताना शाळांना अजून खटपट करावी लागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

काम मात्र चोख हवे. स्केट्सची बेअरिंग साफ करायला आणि चाके बदलायला माणूस लागेल, बॅटीला जवसाचे तेल लावून ग्रिप बदलावी लागेल, प्रत्येक संच परत आला की तपासूनच पुढे द्यावा लागेल. क्रीडा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना यासाठी मानधन देता येईल. मापे घेण्याचे काम त्यांनीच करावे: मूल भिंतीला टेकवून उंची, पाऊल कागदावर ठेवून लांबी, आणि दोन्ही आकडे कार्डावर तारखेसह. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे. मार्चमध्ये साहित्य गोळा केले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोली उघडली, तर पुढच्या उन्हाळी शिबिरापूर्वी मुलांच्या हातात त्यांच्या मापाची बॅट असेल.