पुराची रेषा कोण आखतो?

22 जुलै 2021 च्या महापुरानंतर चौथ्या दिवशी मी चिपळूणला पोहोचलो. बाजारपेठेत चिखलाचे ढीग होते. दुकानांतले कपडे, औषधे, शाळेच्या वह्या सगळे रस्त्यावर येऊन पडले होते. नदीकाठच्या मोहल्ल्यातल्या एका घरात भिंतीवर पाण्याची खूण दिसत होती, माझ्या डोक्याच्याही हातभर वर. आखातात बावीस वर्षे नोकरी करून त्या चाचांनी ते घर बांधले होते. मला म्हणाले, "2005 ला पाणी शिरले तेव्हा सगळे म्हणाले, असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो. सोळा वर्षांत पुन्हा आला. आता हा हिशेब कुणाला विचारायचा?"

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. गेल्या महिन्यात एका तरुणीचा फोन आला आणि तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. ही मुलगी पर्यावरणशास्त्राची पदवीधर आहे. पाच वर्षे एका खासगी कंपनीत पाण्याचे आणि हवेचे नमुने गोळा करून अहवाल लिहिते. तिने विचारले, "सर, हवामान बदलाच्या अनुकूलनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे म्हणते. घरचे म्हणतात, हाताची नोकरी सोडून पुन्हा पुस्तके कशाला?" मी तिला जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो आहे. कारण तिच्यासारखे अनेक जण नगरपालिकेत, पाणीपुरवठ्यात, आरोग्य खात्यात, बांधकामावर काम करत आहेत.

हवामान बदलावर दोन प्रकारचे काम करावे लागते. एक, धूर आणि इतर उत्सर्जन कमी करणे. दुसरे, जो बदल आता टळणार नाही त्याला तोंड देण्याची तयारी करणे. या दुसऱ्या कामाला अनुकूलन म्हणतात. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा सुमारे 1,300 मृत्यू जास्त झाले. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने आरोग्य संशोधकांच्या मदतीने उष्णता कृती आराखडा केला. कोणत्या तापमानाला कोणता इशारा द्यायचा, तो कुणामार्फत पोहोचवायचा, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना काय शिकवायचे, हे त्यात ठरवले गेले. मालेगाव-भिवंडीत पत्र्याच्या छपराखाली यंत्रमाग चालतात. तिथे दुपारी दोन वाजता माग चालवणाऱ्या माणसाचा असा हिशेब कोण करणार? ज्याने तो कारखाना आतून पाहिला आहे आणि ज्याला आकडे मांडता येतात, तोच हे काम नीट करू शकेल. अनुभव आपल्याकडे आहे. आकडे मांडायचे शिक्षण कमी पडते.

हे शिक्षण नसेल तर चांगल्या हेतूने केलेले कामही उलटते. बांगलादेशाच्या किनारी भागात 1960 च्या दशकात खारे पाणी अडवण्यासाठी मोठमोठे बांध घातले. सुरुवातीला पीक वाढले. पण भरतीबरोबर येणारा गाळ शेतात पसरायचा थांबला आणि नदीच्या पात्रात साचू लागला. पात्र उंच झाले, बांधाच्या आतले पाणी बाहेर पडेना. काही भाग वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिले. शेवटी काही ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतः बांध फोडून भरतीचा गाळ आत घेतला. हे ज्ञान नदीकाठच्या शेतकऱ्याकडे आधीपासून होते. तज्ज्ञांनी ते नंतर अभ्यासात घेतले.

त्याच देशाने दुसरी बाजूही दाखवली. 1970 च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे गेली. पुढे इशारा देणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, निवारे बांधले गेले, मशिदींच्या भोंग्यांवरून सूचना जाऊ लागल्या. 2020 च्या अम्फान वादळात तिथे वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. डॉ. सलीमुल हक हे याच देशातले. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. ढाक्यात त्यांनी हवामान बदल आणि विकास यांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले आणि गरीब देशांच्या प्रतिनिधींना वाटाघाटींसाठी तयार केले. 2022 मध्ये शर्म-अल-शेख परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी निधी उभारण्याचे मान्य झाले, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची खटपट होती. 2023 मध्ये ते गेले. बाधितांनी स्वतः अभ्यासक व्हावे, हा त्यांच्या कामाचा धडा मला वाटतो.

आता चिपळूणकडे परत येऊ. आपल्या राज्यात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. कुणाचे घर दुरुस्त होणार, कुणाच्या जमिनीची किंमत उतरणार, हे या रेषांवर ठरते. पण हा हिशेब जुन्या नोंदींवरून करतात. पावसाची तऱ्हाच बदलत असेल तर जुन्या नोंदींवर किती विसंबायचे? चाचांचा प्रश्न हाच होता.

दुसरीही बाजू आहे. महापुरानंतर "हवामान बदलले, काय करणार" असे म्हणून हात झटकणे सोपे असते. चिपळूणच्या पुरात अतिवृष्टीचा वाटा होता, भरतीचा होता, वाशिष्ठी आणि शिव नदीतल्या गाळाचा होता, आणि कोयना प्रकल्पातून वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्यावरूनही मोठा वाद झाला. यातला कोणता वाटा किती, हे विचारायला अभ्यास लागतो. तो नसेल तर आपण एक तर अधिकाऱ्यांचे सगळे मान्य करतो किंवा सगळेच नाकारतो. दोन्हींत घर बुडते ते आपलेच.

म्हणून त्या मुलीला मी "शिक" असे सांगितले. या अभ्यासात हवामानाची आकडेवारी वाचणे, नकाशांवर धोका मांडणे, कोण जास्त असुरक्षित आहे आणि का हे तपासणे, उपायांचा खर्च आणि धोरण हे सगळे येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि दिल्लीत टेरीच्या विद्यापीठात हवामान बदलाशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर 2,800 तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. म्हणजे घरचे ज्या नोकरीकडे बोट दाखवतात, तीच इथे पात्रता ठरते.

पैशांची अडचण खरी आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना केंद्र सरकारने 2022-23 पासून बंद केली. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शैक्षणिक कर्जाची सोय आहे, तिची चौकशी करा. आणि समाजातल्या जाणत्यांना माझे सांगणे आहे : लग्नाच्या एका मंडपाच्या खर्चात एका मुलीचे बरेचसे शिक्षण होते.

पदवी घेतली की नोकरी हमखास मिळते, असे मी म्हणणार नाही. शिकून मोठ्या शहरातल्या वातानुकूलित कार्यालयात गुळगुळीत अहवाल लिहीत बसण्याचा मोहही होईल. पण पूररेषा, नालेसफाई, उष्णतेचा आराखडा यांवर बैठक होते तेव्हा मोहल्ला माहीत असलेले माणूस बहुधा दाराबाहेर निवेदन घेऊन उभे असते. ते आत, नकाशाच्या टेबलाशी बसलेले असायला हवे.

ती मुलगी यंदा अर्ज भरते आहे. तिला मी एकच अट घातली आहे : शिकून आलीस की पहिल्यांदा माझ्याबरोबर चिपळूणला यायचे. चाचांनी भिंतीवरची ती खूण अजून पुसलेली नाही.