शिवी ऐकू आली, अपमान ऐकू आला नाही

रमजानचा दुसरा आठवडा. असरच्या नमाजनंतर, म्हणजे रोजा सुटायला तास-दीड तास उरलेला असताना, आमचा भाचा मैदानावरून रडवेला होऊन घरी आला. तो सातवीत आहे. यंदा पहिल्यांदाच सगळे रोजे धरायचा हट्ट त्याने केला होता. क्रिकेटमध्ये बाद झाला, राग आला आणि तोंडातून आईवरची शिवी गेली. समोरचा मुलगा शेजारच्या काकूंचा नातू. त्याने उलट शिवी दिली नाही, फक्त म्हणाला, "अरे, तुझा रोजा आहे ना?"

भाच्याचा प्रश्न एकच होता. "खाला, माझा रोजा तुटला का?"

मी त्याला सांगितलं ते लहानपणी आम्हाला सांगितलं होतं तेच. पोटातला रोजा तुटत नाही, पण जिभेचा तुटतो. रोजा ही ढाल आहे, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलंय. रोजेदाराने अर्वाच्य बोलू नये, आरडाओरडा करू नये, आणि कुणी भांडायला आलंच तर 'माझा रोजा आहे' एवढंच म्हणावं. म्हणजे ते वाक्य खरं तर भाच्याने म्हणायचं होतं. ते काकूंच्या नातवाने म्हटलं.

तोवर अब्बांनी निकाल दिला होता. "हे सगळं त्या पिक्चरांमुळे. मोबाईल काढून घ्या त्याचा."

आमच्या लहानपणी रमजान लागला की घरातल्या टीव्हीवर चादर पडायची आणि ती ईदच्या दिवशीच निघायची. आता टीव्हीवर चादर टाकता येते, खिशातल्या मोबाईलवर कशी टाकणार? त्यामुळे अब्बांची चिंता मला खोटी वाटली नाही. पण भाच्याला बाजूला घेऊन विचारलं, हा शब्द कुठे ऐकलास? तो म्हणाला, चिंचेच्या लिलावाला गाड्या येतात तिथे सगळेच बोलतात. मग आणखी हळू आवाजात म्हणाला, "आणि मोटर जळली तेव्हा नानांनी स्टार्टरला दिली होती, तीच."

ही साक्ष मी अब्बांपुढे मांडली नाही. रमजान आहे.

गंमत अशी, की सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास भाच्यासारखंच म्हणून ठेवलंय. शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन'वर खटला झाला, त्याचा निकाल १९९६ साली लागला. त्यात न्यायालयाने सांगितलं, की सिनेमातल्या शिव्यांचा फार बाऊ करू नये, असे शब्द रोज कुठल्याही शहरात आणि गावाच्या रस्त्यावर कानावर पडतात, आणि सिनेमात आहेत म्हणून कुणी प्रौढ माणूस ते बोलायला लागणार नाही. चित्रपट तुकड्यातुकड्याने जोखायचा नसतो, पूर्ण पाहून त्याचं म्हणणं काय आहे ते बघायचं असतं. फूलनदेवीवर झालेले अत्याचार दाखवायचे आणि अत्याचार करणाऱ्यांच्या तोंडी अभंग घालायचे, हे कसं चालेल?

पण त्या निकालात 'प्रौढ' हा शब्द आहे. तो सिनेमा 'ए' प्रमाणपत्राचा होता. आपल्या घरात रात्री साडेआठला दस्तरखान उचलल्यावर जी मंडळी टीव्हीसमोर बसतात, त्यांत सत्तरीचे अब्बा असतात, सातवीतला भाचा असतो आणि माझी दहा वर्षांची मुलगी असते. त्यांच्यासाठी काय?

त्यांच्यासाठी सरकारने काही केलेलं नाही, असं नाही. आधी 'यूए' म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली, एवढंच होतं आणि त्याची रेषा बारा वर्षांवर होती. २०२४ पासून त्याचे तीन भाग झाले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. मोबाईलवरच्या वाहिन्यांसाठी २०२१ च्या नियमांत असेच गट आहेत. तेरा वर्षांवरच्या गटापासून पुढे पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते, आणि सुरुवातीलाच हिंसा आहे, शिवराळ भाषा आहे, असं एका ओळीत लिहावं लागतं. ती ओळ कोपऱ्यात येते आणि जाते. आमच्या नात्यात आणि शेजारात मी विचारलं, कुलूप कुणी लावलंय? एका घरात लावलेलं सापडलं. त्याचा आकडा मुलाच्याच जन्मसालाचा होता.

आणि कुलूप लावलं तरी जाहिरातीची पट्टी मोकळीच फिरते. जानेवारी २०२२ मध्ये महेश मांजरेकरांचा 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' आला तेव्हा हेच झालं. जयंत पवारांच्या कथेवरचा, गिरणगावातल्या पोरांचा सिनेमा. सिनेमा 'ए', पण झलक यूट्यूबवर. ती पाहून राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप घेतला आणि ती काढावी लागली. तिथे भाषेपेक्षा अल्पवयीन मुलांना जे करताना दाखवलं होतं त्यावर लोकांचा राग होता, आणि त्यावर वेगळं बोलता येईल. मला एवढंच दिसलं, की थिएटरच्या दारावर वय विचारणारा माणूस उभा असतो आणि मोबाईलच्या दारावर कुणी नसतं. तिथे आपणच उभं राहायचं असतं.

मग उभं राहून तपासायचं काय? शिव्या मोजायच्या? सेन्सॉर मंडळाने एकदा तेही करून पाहिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी नकोशा शब्दांची यादीच काढली होती. मंडळातल्या सदस्यांनीच विरोध केला आणि ती बाजूला ठेवावी लागली. यादीने काम भागत नाही हे आपल्या भाषेत तरी कुणाला वेगळं सांगायला नको. दादा कोंडक्यांच्या सिनेमात यादीतला एकही शब्द सापडणार नाही, आणि तरी जत्रेच्या तंबूत माणसं पोट धरून हसायची. आमची दादी 'पांडू हवालदार' बघून आली होती आणि काय कळलं ते शेवटपर्यंत तिने सांगितलं नाही. पोरांना कळायचं नाही, मोठ्यांना कळायचं, आणि दोघंही एकाच सतरंजीवर बसलेले असायचे. ती कला आता कमी झाली. आता थेट शिवी येते, मग 'टूं' वाजतो, आणि त्या 'टूं'मध्ये काय होतं हे शोधणं हाच मुलांचा खेळ होतो. एका सिनेमात आवाज बंद केला होता आणि खाली मजकुरात शब्द पूर्ण लिहिलेला होता. वाचता येणाऱ्या मुलीसमोर याला काय म्हणायचं?

आपली भाषा तशीही सोवळी नाही. शिमग्याला बोंब मारायची मुभा याच भाषेने दिली. गेली काही वर्षं शिमगा आणि रमजान एकाच महिन्यात येतायत. एका घरी तोंड मोकळं सोडायचा दिवस, शेजारच्या घरी तोंड आवरायचा महिना. आमच्याकडे त्यावरून कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही, काकूंकडची पुरणपोळी मात्र इफ्तारला आल्याचं आठवतं. तुकोबांनी ढोंगी माणसाला झोडपताना जे शब्द वापरले, ते आज सिनेमात घातले तर 'टूं' वाजवावा लागेल. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं आणि ते जिंकले. निळू फुल्यांचा सखाराम घाण बोलायचा, कारण तो तसा माणूस होता. ते नाटक मुलांना घेऊन बघायचं नव्हतंच, पण म्हणून ते करायचंच नाही, असं कसं म्हणता येईल?

आता जी गोष्ट मला खरी सांगायची आहे ती सांगते.

मागच्या वर्षी सुट्टीत आम्ही सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, तसे अनेक आहेत. पूर्ण सिनेमात एकही शिवी नव्हती. अब्बांनी एकदाही रिमोटकडे हात नेला नाही. गाणी, लग्न, मारामारी, सगळं होतं. त्यातल्या प्रत्येक खलनायकाच्या डोळ्यांत सुरमा होता, डोक्यावर टोपी होती, आणि तो पडद्यावर आला की मागे अजानसारखे सूर वाजायचे. सिनेमा संपला, आम्ही चहा केला. रात्री झोपताना मुलीने विचारलं, "अम्मी, ते सगळे आपल्यातलेच का होते?"

मला उत्तर सुचलं नाही. आई-बहिणीवरच्या शिवीला आम्ही खोकलो असतो, पाणी मागितलं असतं, चॅनल बदललं असतं. या दोन तासांच्या शिवीला कुणी खोकलं नाही. कारण ती कुठल्याच शब्दात नव्हती.

वाचकहो, हे फक्त आमचं गाऱ्हाणं म्हणून घेऊ नका. त्याच सुट्टीत आम्ही दुसऱ्या एका विनोदी सिनेमाला खळखळून हसलो होतो. त्यात एका काळ्या, जाड, तोतऱ्या नोकराची दोन तास टर उडवली होती. त्याच्या आडनावावरून त्याची जात कळावी अशी सोयही केली होती. तेव्हा आमच्यातल्या कुणालाही काही टोचलं नाही, मलाही नाही. सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट ताकीद आहे, की एका जमातीने दुसरीची टर उडवू नये, कोण जाणे ते तुमच्याहून चांगले असतील, आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये. रमजानमध्ये दरवर्षी ती पढली जाते. मी स्वतः पढते. आणि तरी हसले.

म्हणून आता मी शिव्या मोजायचं सोडलंय. शिवी कोण कुणाला देतंय, ते बघते. बलवान दुबळ्याला देतोय आणि सिनेमा त्याच्या बाजूने हसतोय, तर 'यू' प्रमाणपत्र असलं तरी मला तो घरात नको. पिचलेला माणूस गुदमरून देतोय आणि सिनेमा त्याचं गुदमरणं दाखवतोय, तर मुलीचं वय बघून, शेजारी बसून, मी तो दाखवीन. नुसतं हशा पिकवण्यासाठी दर वाक्याला पेरलेली शिवी मात्र मला कंटाळवाणी वाटते, ती पापापेक्षा आळस जास्त आहे. लिहिणाऱ्याला वाक्य सुचलं नाही की तो आईला मध्ये आणतो. दुसऱ्याच्या बापाला शिवी देणारा स्वतःच्याच आईबापाला शिवी देत असतो, कारण समोरचा ती परत करतो, असं पैगंबरसाहेबांनी समजावलंय. त्या दिवशी मैदानावर ती परत आली नाही, एवढं भाच्याचं नशीब.

या ईदला मुलांसोबत 'फँड्री' बघायचं ठरवलंय. नागराज मंजुळे काही परके नाहीत, उजनीच्या पलीकडे जेऊरचे. २०१४ मध्ये तो थिएटरमध्ये आला तेव्हा मी पाहिला होता, एकटीने. कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. आमच्या घरात जुनी माणसं त्या जनावराचं नावही घेत नाहीत, शिवी म्हणूनही नाही. आणि इथे ते सिनेमाचं नाव, आणि तेच नाव सबंध गाव जब्याच्या घराला चिकटवतं. डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागेवर थांबतं, जनावर निसटतं. मागे बांधावर बसलेले लोक हसत असतात. त्या हसण्यात शिव्याही आहेत, नसत्या तरी चाललं असतं.

हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी 'तोबा' म्हटलं. मुलांना तो सिनेमा? ईदच्या दिवशी? त्या नावाचा? मी म्हटलं, अब्बा, भाच्याच्या वर्गात एका मुलाला त्याच नावाने हाक मारतात. भाचाही मारतो, त्यानेच सांगितलं. त्या हाकेला काय म्हणायचं, शिवी की टोपणनाव?

अब्बा बराच वेळ तसबीह फिरवत बसले. मग म्हणाले, "शिव्या किती आहेत?"

"आहेत चार-पाच ठिकाणी."

"कुठे कुठे ते आधी सांगून ठेव. मी पाणी प्यायला उठतो."

"आणि शेवटी तो पोरगा दगड मारतो, तेव्हा?"

"कुणाला मारतो?"

"आपल्याला. कॅमेऱ्याकडे बघून."

"तेव्हा बसतो," अब्बा म्हणाले आणि तरावीहला निघाले. भाचा त्यांच्या मागे टोपी सावरत पळाला.