सेवेस घर हवे

मुळशी तालुक्यातील हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची नगरी वसली आणि भोवतालच्या जमिनीस सोन्याचे मोल आले. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी ज्या मुळशीने १९२१ साली सत्याग्रह केला, तेथे आज गावाची सेवा करणाऱ्यांसच घर दुर्मिळ झाले आहे.

लोकसेवकांस सवलतीने घर द्यावे, हे तत्त्व सरकारास मान्य आहे. म्हाडाच्या सोडतीत राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी ५ टक्के घरे राखीव असतात. मुंबईच्या बीडीडी चाळींतील पोलिसांसाठी घराची किंमत आधी ५० लाख, मग २५ लाख आणि २०२२ साली १५ लाख रुपये ठरली. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु वाडीवस्तीवर बाळंतिणीची विचारपूस करणारी आशा आणि मुलांचे पोषण पाहणारी अंगणवाडी सेविका यांचे काय? सरकारदरबारी एक ‘स्वयंसेविका’, दुसरी ‘मानधनी’. म्हणून कर्मचाऱ्यांच्या राखीव घरांत दोघींसही स्थान नाही. पत्रकारांस मात्र अडीच टक्के घरे आहेत, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

सवलत हुद्द्यास नव्हे, सेवेस मिळाली पाहिजे. मुळशीसारख्या महागलेल्या तालुक्यांत या सेविकांचा स्वतंत्र वाटा सरकारने ठरवावा, आणि त्यांच्या मानधनास पेलेल असा हप्ताही ठरवावा. जिच्यावर गावाच्या आरोग्याचा भार टाकला, तिला त्याच गावात राहता येऊ नये, ही गोष्ट कोणत्याही शासनास शोभणारी नाही.