ऑटो राजा आणि मालगुडीचा मास्तर

जोयड्याहून दांडेलीला उतरलात तर रिक्षा थांब्यावर जरा रेंगाळा. एखाद्या तरी रिक्षाच्या मागच्या काचेवर दाढीवाला शंकर नाग दिसेल. त्याचा 'ऑटो राजा' सिनेमा 1980 चा; रिक्षा चालवणाऱ्या पोराचा तेव्हा जन्मही झालेला नसतो. पण त्याच्या लेखी शंकरण्णा अजून आपल्यातलाच.

आमच्याकडच्या मराठी घरांत हा माणूस त्यानं दिग्दर्शित केलेल्या 'मालगुडी डेज' मालिकेमुळे ओळखीचा. त्याच्या मारधाडीच्या सिनेमांचा विषय निघाला की मात्र इथली जाणकार मंडळी हळहळतात. एवढा गुणी नट, धंदेवाईक सिनेमात वाया गेला म्हणे! मला हे साफ नामंजूर आहे.

शंकर नाग, मूळचा शंकर नागरकट्टे, आपल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातला. जन्म होन्नावरचा, 9 नोव्हेंबर 1954. शिक्षण आटोपून मुंबईला गेला आणि मराठी नाटकांच्या नादी लागला. अरुंधती राव, म्हणजे पुढच्या अरुंधती नाग, भेटल्या त्या तिथल्या नाटकांच्या गोतावळ्यातच. चापेकर बंधूंवरच्या '22 जून 1897' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्याचा हात होता, हे आपण मराठी लोक सोयीस्कर विसरतो. मग 1978 साली गिरीश कर्नाडांनी 'ओंदानोंदु कालदल्ली'मध्ये त्याला भाडोत्री लढवय्या केला आणि पहिल्याच कन्नड सिनेमासाठी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

अशी सुरुवात झालेला दुसरा कुणी वर्षाला एखादा निवडक सिनेमा करत इभ्रत जपत बसला असता. यानं बारा वर्षांत ऐंशीच्या वर सिनेमे केले. त्यातले कितीतरी आज बघवत नाहीत, हेही खरं. पण त्याच धबडग्यात त्यानं थोरला भाऊ अनंत नागला बरोबर घेऊन गाडीचोरांचा 'मिंचिन ओट' काढला, 1985 मध्ये 'ॲक्सिडेंट' केला, बंगळुरात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ उभारला, आणि खुद्द कन्नड महानायक राजकुमारना घेऊन 'ओंदु मुत्तिन कथे'साठी कॅमेरा पाण्याखाली नेला. 'ॲक्सिडेंट'मध्ये पुढाऱ्याचा पोरगा नशेत फुटपाथवर झोपलेल्यांना चिरडतो आणि बाप ते निस्तरायला निघतो. आजच्या पेपरातही हीच बातमी सापडेल. सामाजिक विषयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेल्या या सिनेमाला वेग आहे तो मसाला सिनेमाचाच. तो वेग वर्गात बसून येत नाही. रोज सेटवर राबून येतो.

'मालगुडी'तही मला तीच कमावलेली सफाई दिसते. आर. के. नारायण यांचं गाव कागदावरचं. शंकरनं ते आगुंब्याला वसवलं. कौलारू घरं, ओसरी, पावसानं काळवंडलेल्या भिंती. जोयड्याच्या माणसाला हे सगळं घरचंच. वकील बापाच्या भूमिकेत कर्नाड, आणि त्यांच्यासमोर मास्टर मंजुनाथचा स्वामी. बाप आंब्यांचं त्रैराशिक घालतो आणि पोराला पडलेला प्रश्न वेगळाच: आंबे पिकलेले की कच्चे? एखाद्यानं इथे पोराकडून लाडिक अभिनय करून घेतला असता. शंकरचा स्वामी खरोखरच आंब्यांत अडकलेला असतो, म्हणून हसू येतं. कमी वेळात, भराभर चित्रण करायचं आणि तरी मुलाला घाई जाणवू द्यायची नाही, ही हातोटी त्या सिनेमांच्या रगाड्यातून आलेली आहे, असं माझं मत. ज्यांना ते सिनेमे वगळून फक्त 'मालगुडी' हवी आहे, त्यांना भाकरी हवी पण चुलीचा धूर नको.

30 सप्टेंबर 1990 ला 'जोकुमारस्वामी'च्या चित्रीकरणाला निघालेला शंकर दावणगेरेजवळ आनगोडला मोटार अपघातात गेला. वय पुरतं छत्तीसही नव्हतं. गाडीत अरुंधतीही होत्या. त्या जबर जखमी झाल्या. त्यातून उठून त्यांनी नाटकं केली, माणसं आणि पैसा जमवला आणि 2004 साली बंगळुरात जे. पी. नगरला 'रंगशंकरा' उघडलं. नाट्यगृह काढायचं स्वप्न दोघांचं होतं. कन्नडबरोबर मराठी नाटकंही तिथे होतात. तिथला एक नियम आमच्याकडच्या उद्घाटनप्रिय पुढाऱ्यांनी ऐकून ठेवावा: नाटक सुरू झालं की दार बंद. उशिरा येणाऱ्याला, मग तो कितीही मोठा असो, आत घेत नाहीत.