विश्लेषण : सबवूफर डिकीत, पण फ्यूज कुठे?

दसऱ्याला नवी गाडी दारात येते आणि दिवाळीच्या आत ती अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी असते. सीट कव्हर, मॅट आणि घरात कॉलेजला जाणारे कोणी असेल तर डिकीत सबवूफर. दोन-तीन तासांत काम उरकते. पहिला ठोका पडतो, मागची नंबर प्लेट थरथरते, सगळे खूश! या वेळात बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटरची एक जाड लाल वायर गाडीच्या अंगातून गेलेली असते. मॅटखाली झाकली गेल्यावर तिच्याकडे कोणी पाहत नाही. गाणे कसे वाजेल हे सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर ठरवतात; गाडी पेटणार नाही याची जबाबदारी मात्र या वायरीवर आणि तिच्या तोंडाशी असलेल्या एका फ्यूजवर असते.

वेगळी वायर लागतेच कशाला?

ढोलासारखा खालचा आवाज काढायचा तर मोठा पडदा जोरात हलवून भरपूर हवा ढकलावी लागते. डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमची ती ताकद नसते, म्हणून स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. समजा, तो खरोखर ५०० वॉट देणारा आहे. आजच्या ‘क्लास डी’ प्रकारच्या अ‍ॅम्पची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली, तर त्याला सुमारे ६२५ वॉट आत घ्यावे लागतात. इंजिन सुरू असताना गाडीत १३.८ व्होल्टच्या आसपास दाब असतो. म्हणजे पूर्ण जोरात ४५ अँपिअर. हेडलाइटचा एक साधा हॅलोजन बल्ब चार-साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे हा भार दहा हेडलाइट एकदम लावल्यासारखा झाला. तो म्युझिक सिस्टीमच्या मूळ वायरीवर टाकता येत नाही. थेट बॅटरीवरूनच घ्यावा लागतो.

खोक्यावरच्या ‘३००० वॉट’ला फार भुलू नये. अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज पाहावा आणि त्याच्या आकड्याला १३.८ ने गुणावे. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर तो अ‍ॅम्प सातत्याने ४१४ वॉटपेक्षा जास्त आत घेऊच शकत नाही. बाहेर ३००० कुठून देणार?

वायर किती जाड हवी?

एवढ्या प्रवाहाला आणि अंतराला अस्सल तांब्याची ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची वायर योग्य ठरते. गेजचा आकडा वाढतो तशी वायर बारीक होते, हे अनेकांना उलटे वाटते. ८ गेजच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीत ४५ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. ४ गेजमध्ये हाच तोटा ०.२ व्होल्टच्या आत राहतो.

खरी गोम जाडीपेक्षा धातूत आहे. स्वस्त वायरिंग किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. तिची वहनक्षमता तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश. वर प्लास्टिकचे आवरण जाडजूड असले की हातात घेतल्यावर ती दमदार वाटते. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली, तर ते तांबे नव्हे.

अ‍ॅम्पला फ्यूज असतोच. मग बॅटरीपाशी दुसरा का?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो आणि तो असतो डिकीत. बॅटरी ते डिकी हा सगळा टप्पा त्याच्या राखणीबाहेर. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून वायर जाते, तिथे रबरी ग्रोमेट बसवलेले नसेल तर पत्र्याची धार रोजच्या धक्क्यांनी आवरण कापत राहते. कधी सीटचा रूळ वायर चेपतो. गाडीची संपूर्ण बॉडी निगेटिव्ह असल्याने उघडी तार पत्र्याला लागली की शॉर्ट सर्किट. चांगली बॅटरी अशा वेळी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर लालबुंद होते आणि वर मॅट, फोम, प्लास्टिक असे जळायला सगळे तयार. चावी काढूनही उपयोग नाही, कारण ही वायर चावीला विचारत नाही. तिचे नाते थेट बॅटरीशी.

म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, हा या कामातला जुना आणि जगभर पाळला जाणारा दंडक आहे. हा फ्यूज वायरीसाठी आहे, तेव्हा त्याचा आकडा वायरीला झेपेल त्याहून मोठा नको. वरच्या उदाहरणात ६० अँपिअरचा पुरे. सारखा उडतो म्हणून १५० चा बसवणे म्हणजे घरच्या मीटरवरच्या फ्यूजला जाड तार गुंडाळण्याची जुनी खोडच. फ्यूज उडतोय, तर वायर कुठे घासते किंवा जोड कुठे चुकला ते शोधायचे.

बॉडीला जोडलेली बाजू

प्रवाह जितका जातो तितकाच परत येतो, त्यामुळे निगेटिव्हची वायरही तेवढीच जाड हवी. लांबीला मात्र अर्ध्या मीटरच्या आत. रंग खरवडून उघडा पत्रा काढायचा आणि लग घट्ट बोल्टने आवळायचा. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये. इंजिनचा वेग वाढवला की स्पीकरमधून बारीक ‘कुंई’ येते, त्याचे मूळ पुष्कळदा याच जोडात असते. आवाजाची आरसीए केबल पॉवरच्या वायरीला चिकटून नेली तरी हीच तक्रार येते. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.

नव्या बोल्टसाठी भोक पाडताना खाली काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखाली इंधनाची टाकी असते. सीएनजी गाडीत तर सिलिंडर डिकीतच, त्याची नळीही तिथूनच जाते. अशा गाडीत सबवूफरची हौस सीटखालच्या लहान, स्वतःचा अ‍ॅम्प असलेल्या संचावर भागवलेली बरी.

बिलावर काय लिहून घ्यावे?

फिटिंगवाल्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. वूफरला दहा हजार मोजणारा ग्राहक वायरिंग किटच्या हजार रुपयांवर घासाघीस करतो आणि बिलावर फक्त ‘म्युझिक सिस्टीम फिटिंग’ लिहिले जाते. वायरीचा धातू, गेज आणि मुख्य फ्यूजचा आकडा बिलावर यायला हवा. तो मागण्याचा हक्क ग्राहकाचा आहे आणि दोन ओळी लिहायला दुकानदाराची हरकत नसावी. मूळ किमतीत नसलेली विद्युत उपकरणे विमा पॉलिसीतही जादा हप्ता भरून वेगळी नोंदवावी लागतात. आयएमटी २४ हे त्यासाठीचे कलम. नोंद नसेल तर त्यांची भरपाई मागता येत नाही आणि मूळ वायरी कापून जोड दिले असतील, तर गाडीच्या वॉरंटीवरूनही वाद होऊ शकतो.

पैसे देण्यापूर्वी बॉनेट उघडून फ्यूज दाखवायला सांगावे. नंतर अर्धा तास गाणी वाजवून, गाडी बंद करून फ्यूजच्या डबीला हात लावून पाहावा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर जोड सैल आहे आणि गाडी त्याच दिवशी परत न्यावी.