सहीआधी डोळे तपासा

मिरकरवाड्याच्या एक मावशी मासळी न्यायला स्कूटर घेणार आहेत. वय ५२, परवाना पहिलाच. २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. बंदरावरचा दिवस बुडत नाही, हे चांगलेच. पण चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. ‘डॉक्टर, सही तेवढी करा.’

मी त्यांना दारात नेले. २५ मीटरवरच्या गाडीचा नंबर दिसतो का, हा अर्जातलाच प्रश्न. उजवा डोळा झाकताच समोरचा टेम्पो धूसर झाला. मोतीबिंदू! मोबाइलवरच्या खुणा हातभरावरून ओळखता येतात. रस्त्यावर तसे नसते. आम्ही डॉक्टरही ओळखीपोटी न तपासता सह्या करतो, हे कबूल केले पाहिजे.

मावशी रागावल्या. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासू, म्हटले. स्कूटर तोवर दुकानातच.