नुसतं ‘एसएस’ लिहून भागत नाही

दुबई असो वा न्यू जर्सी, ऑर्डरवर नुसतं ‘एसएस’ लिहिणं म्हणजे वाण्याकडे जाऊन ‘डाळ द्या’ म्हणण्यासारखं आहे. कोणती, ते तोच ठरवणार! भांड्यावरचं १८/८, बोल्टवरचं ए२, युरोपातलं १.४३०१ ही ढोबळमानाने ३०४चीच नावं. ‘फूड ग्रेड’ हे तर कुठल्याच एका ग्रेडचं नाव नव्हे. लोहचुंबकावरही विसंबू नका: स्वस्तातल्या २०२लाही तो सहसा चिकटत नाही, पण त्यात निकेल ३०४च्या साधारण निम्मंच. समुद्राकाठच्या रेलिंगला ३०४ही पुरत नाही. तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं. तेव्हा ऑर्डरवर ग्रेड लिहा, मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा. गंजल्यावर भांडून काय उपयोग? कागदावर तुम्ही काही मागितलेलंच नसतं!